अंगी लागलेलं

“बरण्यांचं काम तू बघ. तुला काय, सवय असेल.”

आमच्या मार्गदर्शक मॅडम असं म्हणाल्या. रागानं नाही, हिणवूनही नाही. कामाची वाटणी करताना माणूस जसा बोलतो तशा. इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्ही दोघी विद्यार्थिनी उभ्या होतो. मी आणि शैला. समोर सामान मांडलं होतं. एका बाजूला नवा कोरा काटा, पातेली, चमचे, पिठाचे डबे. दुसऱ्या बाजूला रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या, चिकटवायच्या चिठ्ठ्या आणि ॲसिडची बाटली. डबे शैलाकडे गेले. बरण्या माझ्याकडे आल्या.

बरण्या पोरांच्या शी-मुतासाठी होत्या.

शैला खाली बघत राहिली. मी म्हणाले, “हो मॅडम.”

हे नगरचं. बहात्तरच्या दुष्काळातलं. मी पुण्याला आहारशास्त्रात एम.एस्सी. करत होते. शेवटचं वर्ष. रोग्याला काय खायला द्यायचं, किती द्यायचं, ते त्याच्या अंगी लागतं की नाही, हा आमचा विषय. दुष्काळामुळे नगरच्या एका धर्मादाय इस्पितळातला लहान पोरांचा वॉर्ड भरून गेला होता. पाथर्डीकडची पोरं, शेवगावकडची, जामखेडकडची. काहींची नुसती हाडं. काही पाण्यानं फुगलेली. मॅडमना संशोधनासाठी तशीच पोरं हवी होती. म्हणून आम्हा दोघींना तिथं आणून ठेवलं. त्या स्वतः आठवड्यातून एकदा पुण्याहून यायच्या.

अभ्यास समजायला सोपा होता. पोराच्या पोटात किती गेलं ते मोजायचं. बाहेर किती पडलं ते मोजायचं. मधला फरक म्हणजे अंगी लागलेलं. सुरुवातीला पोराला लाल रंगाची पुडी चाटवायची. लाल शी दिसली की तिथून बरणीत गोळा करायला लागायचं.

आणि पोटात जाणारं पीठ माझं होतं. हे इथं सांगितलंच पाहिजे. बाजरी, मटकी, शेंगदाणे. कशाला किती भाजायचं, किती बारीक दळायचं, गूळ कधी घालायचा, हे सगळं मी वसतिगृहाच्या खोलीत स्टोव्हवर करून करून बसवलं होतं. मॅडमनी वर्गात त्याचं कौतुक केलं होतं. खाऊन बघितलं नव्हतं. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पीठ माझं. शिजवणार शैला. वाढणार शैला. मी पोराच्या दुसऱ्या टोकाला.

एकदा धीर करून विचारलं, “मॅडम, आळीपाळीनं केलं तर?”

त्यांनी चष्मा काढला. “हे बघ, मी स्वतः जात मानत नाही. पण इथले लोक मानतात. आपल्याला आकडे हवेत. त्यासाठी लोकांचं सहकार्य लागतं. तू हुशार आहेस. समजून घे.”

समजून घे. हे मी शाळेपासून ऐकत आले. मारणाऱ्याला कोणी म्हणत नाही समजून घे. ज्याला लागलं त्यालाच म्हणतात.

मी या शास्त्राकडे उगाच आले नव्हते. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. शेवगाव तालुका, कोरडा मुलूख. आम्ही धर्म बदलला होता. गावानं आमची जात मात्र बदलू दिली नव्हती. मला एक धाकटी बहीण होती. एका उन्हाळ्यात तिचं तोंड गोल झालं. पाय भरले. केस तांबूस पडले. आत्यानं तिचा गाल बोटानं दाबला आणि म्हणाली, “बाळसं धरलं गं पोरीनं.” आई हरखली. आमच्या घरात कोण कधी जाड झालं होतं? शेजारच्या बायांना बोलावून दाखवलं. पुढं ती खेळेना, हसेना, खाईना. नुसती बसून राहायची. पावसाच्या तोंडावर गेली.

कितीतरी वर्षांनी, पुण्यात, वर्गात अंधार करून मॅडमनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. गोल तोंड, सुजलेले पाय, तांबूस केस. “प्रथिनं कमी पडली की असं होतं,” त्या म्हणाल्या. रोगाचं इंग्रजी नाव फळ्यावर लिहिलं. बाकीच्या मुली उतरवून घेत होत्या. मी उतरवलं नाही. त्या रोगाचं नाव मला आधीपासून माहीत होतं. शेवंता.

तर मी बरण्या सांभाळल्या. आणि नीट सांभाळल्या. कोणाला वाटेल मला त्या कामाची किळस होती. नव्हती. शी-मूत हे आमच्या शास्त्राचं अर्धं अंग आहे. ते चुकलं की सगळं चुकलं. मी पोरांच्या खाली चादरी लावायचे, एक थेंब वाया जाऊ द्यायचे नाही. बोचलं ते काम नाही. ते माझंच आहे, असं धरून चालणं बोचलं.

बरण्या धुवायला मागच्या अंगणातला नळ होता. पुढच्या नळावर मला येऊ देत नसत. एकदा इस्पितळातली झाडूवाली कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, “ताई, तुमी एवढी बुकं शिकला, आन् आल्या शेवटी आमच्याच नळावर.”

ती हसली. मीही हसले. मग परत बरण्या घासायला लागले.

शैला वाईट नव्हती. प्रवरेकडच्या देवळालीची, उसाच्या बागायतीतली. घरून तिला लाडू यायचे. माझ्या वाट्याचा लाडू ती आठवणीनं काढायची आणि कागदावर ठेवून द्यायची. ताटलीत नाही. स्वयंपाकघर सांभाळायला एक आचारी होते, त्यांना सगळे महाराज म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी हद्द आखून दिली होती. “बाई, तुमचं काम हिकडं न्हाई. उंबऱ्याच्या भाईर ऱ्हायचं.” मी बाहेर राहिले. माझ्या पिठाचा भाजका वास तेवढा बाहेर यायचा.

वॉर्डात पारूबाई नावाची एक बाई होती. पाथर्डीच्या डोंगराकडची. नवरा-बायको दर साल कोयता घेऊन प्रवरेच्या पट्ट्यात ऊस तोडायला जायची. त्या साली तेही धड नव्हतं. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडत होता आणि ही पोरीला घेऊन इस्पितळात. पोरीचं नाव मंगल. सुजून डोळे बारीक झालेले. पारूबाई मला ताई म्हणायची. माझं आडनाव तिनं कधी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

अशा पोराला एकदम पोटभर देता येत नाही. थोडं थोडं द्यायचं, पण वेळच्या वेळी. एक खेप चुकली तर रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं, पोर हातचं जातं.

शैला चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेली होती. जाताना व्यवस्था लावून गेली. महाराजांनी पेज करायची, वॉर्डातल्या आयानं भरवायची. माझं नाव त्या व्यवस्थेत नव्हतंच. आणि त्या दुपारी आया आलीच नाही.

मी मागच्या नळावर होते. पारूबाई पदर सांभाळत पळत आली. “ताई, पोरगी डोळं उघडंना.”

मी साबणानं हात धुतले आणि धावले. मंगलच्या कपाळावर घाम. हात-पाय गार. मान टाकलेली. दुपारची खेप तिला मिळालीच नव्हती. नर्स डॉक्टरांना बोलवायला पळाली. जाता जाता ओरडली, “काहीतरी गोड घाला तिच्या तोंडात, लवकर!”

स्वयंपाकघराच्या दारात महाराज पाय पसरून बसले होते. सुपारी कातरत.

“महाराज, साखरेचं पाणी द्या. आणि पेज. लगेच.”

“आया आली का?”

“नाही आली. माझ्या हातात द्या.”

“तुमच्या हातात दिल्यालं भांडं मी परत कुटं ठिवू? चुलीवर?”

“पोरगी मरतेय, महाराज.”

“मग आयाला बोलवा. मी काय न्हाई म्हनलो का?”

अडकित्ता परत चालू झाला. कट. कट.

त्या आवाजानं माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मोठा विचार वगैरे काही नव्हता. मला फक्त शेवंताचा गाल दिसला, आत्याच्या बोटानं दाबलेला. खड्डा तसाच राहिला होता.

मी महाराजांच्या पायांवरून आत गेले. ओलांडून.

ते स्वयंपाकघर मी पहिल्यांदा आतून बघितलं. माझ्या पिठाचे डबे ओळीनं मांडलेले. डब्यांवर माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. महाराज मागून ओरडत होते, “बाटिवलं! समदं बाटिवलं!” मी साखर घेतली, पाण्यात ढवळली, वाटी घेऊन वॉर्डात पळाले. पारूबाईनं मंगलचं डोकं मांडीवर वर उचलून धरलं. मी बोटानं ओठ ओले केले. मग थेंब थेंब. गिळते का बघायचं, मग पुढचा थेंब. पारूबाई म्हणत होती, “दे माय, दे. दे माझ्या लेकराला.”

पोरीनं गिळलं. जीभ हलली. मग मी परत आत गेले. पीठ काट्यावर मोजलं, शिजवलं, निववलं आणि आणून चमचा चमचा भरवलं. डॉक्टर आले तेव्हा मंगल कुरकुरायला लागली होती. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले. “बरं केलंत,” म्हणाले. “उशीर झाला असता.”

संध्याकाळपर्यंत इस्पितळभर झालं होतं. महाराजांनी सगळी भांडी अंगणात काढली. राखेनं घासली. चूल सारवली. गोमूत्र शिंपडलं. वॉर्डातल्या बाया मला बघून पोरांना पदराखाली घ्यायला लागल्या. त्यातली एक मला ऐकू जाईल असं म्हणाली, “बाटल्याल्या चुलीवरचं आमच्या लेकरांला नगं.”

पेज तयार होती. पोरं भुकेनं रडत होती. आणि पोरांच्या आया पेज घेत नव्हत्या. ज्यांच्या पोरांच्या बरगड्या लांबून मोजता याव्यात, त्या आया. फरशी तिसऱ्यांदा धुवून झाली, महाराजांनी देवाची शपथ घेतली, नवीन पीठ काढलं, तेव्हा कुठं वाट्या पुढं झाल्या. ते नवीन पीठही मीच दळून आणलेलं होतं. ते कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तोवर मला वाटायचं, भुकेपुढं जात टिकत नाही. त्या संध्याकाळी बघितलं. टिकते. माणूस वाळून काडी झाला तरी ती गुबगुबीत असते. तिला प्रथिनं लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅडम पुण्याहून आल्या. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत मला बोलावलं. मॅडम आणि डॉक्टर आत, महाराज दारात. शैलाही लग्नातून परत आली होती, भिंतीशी उभी होती. हाताला मेंदी.

महाराजांनी सांगितलं ते सांगितलं. मी म्हणाले, “त्या बाईला विचारा.”

पारूबाईला बोलावलं. ती मंगलला कडेवर घेऊन आली. मला बरं वाटलं. वाटलं, आता एक तरी माणूस बोलेल.

मॅडमनी विचारलं, “काल हिनं तुमच्या मुलीला भरवलं. तुम्ही कसं काय चालवून घेतलंत?”

पारूबाईनं दाराकडं बघितलं. दाराबाहेर वॉर्डातल्या दोघी-तिघी उभ्या होत्या. मग ती म्हणाली, “मला म्हाईत नव्हतं तिची जात. म्हाईत असतं तर घेतलं नसतं.”

ती माझ्याकडं बघत नव्हती. तिच्या कडेवरच्या पोरीनं मात्र मला बघितलं. आणि तोंड उघडलं. चमच्यासाठी.

मी आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या. अंगावर पाणी टाकून घेतलं. पण त्या उघड्या तोंडाएवढं मला काही लागलं नाही.

पारूबाई गेली. मॅडम दमल्यासारख्या बोलायला लागल्या. “मी समजू शकते, तू भावनेच्या भरात केलंस. पण तिच्या आहाराचे आकडे आता बाद करावे लागतील.”

“मी मोजून शिजवलं, मॅडम.”

“नियमाबाहेर शिजवलंस. बाद.” मग त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. “इथं लिहून दे. माझ्याकडून नियम मोडला, संशोधनाचं नुकसान झालं, पुन्हा असं होणार नाही. महाराजांची क्षमा माग. मी हे प्रकरण इथंच मिटवते. उद्यापासून तुझं काम पहिल्यासारखं.”

पहिल्यासारखं. म्हणजे बरण्या.

मी डॉक्टरांकडं बघितलं. काल बरं केलंत म्हणणारे डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते. शैला मेंदी बघत होती.

“पोरगी जगली,” मी म्हणाले.

“तो प्रश्न नाही.”

“तोच प्रश्न आहे, मॅडम. आपण हे शास्त्र कशासाठी शिकतो?”

त्यांचा आवाज चढला. “मला जातीयवादी ठरवू नकोस. माझ्या घरी तू चहा प्याली आहेस.”

“प्याले. केला नाही.”

मला थांबता आलं असतं. आजवर तिथंच थांबत आले होते. थांबले नाही.

“शी-मूत उचलायची मला लाज नाही. जन्मभर उचलेन. पण उद्यापासून वाटणी बदला. एक दिवस शैलानं बरण्या धुवायच्या, मी शिजवायचं. दुसऱ्या दिवशी उलट. अभ्यास दोघींचा आहे, तर दोन्ही टोकं दोघींची. हे होणार असेल तर मी राहते. क्षमा मी मागणार नाही. कोणाचीच.”

“तर मग तुझा प्रबंध माझ्याकडं पूर्ण होणार नाही.”

“नको होऊ दे.”

कागद तसाच कोरा टेबलावर ठेवून मी बाहेर आले. मग पुढच्या नळावर गेले. ओंजळीनं पाणी प्याले. दोन बाया हंडे उचलून बाजूला झाल्या. मी सावकाश प्याले. पोट भरेपर्यंत.

तिथून घरी गेले. आई गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर होती. बायांची रांग बसून खडी फोडत होती. आमच्या बायांची रांग वेगळी, पाण्याचा माठ वेगळा. सरकारी काम, सरकारी दुष्काळ, तरी माठ वेगळा. मी तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हात चालू होता.

मग म्हणाली, “लिवून दे.”

“आई!”

“कागुद तर हाय. आमी जलमभर हात जोडले. मेलो का? तुज्या त्या डिगरीकडं समदी वस्ती डोळं लावून बसलीया. तू लिवून दे आन् मोकळी व्हय.”

“माफी मागून डिग्री घेतली तर ती घेऊन मी जाऊ कुठं? कुठल्याही इस्पितळात गेले तरी उंबऱ्याच्या बाहेरच उभी करतील. मीच लिहून दिलेलं असेल ना, की माझी जागा बाहेर आहे म्हणून.”

“आन् डिगरी न्हाईच भेटली तर?”

मी तिच्यापुढची फोडलेली खडी सारखी करत राहिले.

“शेवंता गेली तवा मला वाटलं, एक तरी वर यील,” आई म्हणाली. हातोडा उचलला. माझ्याकडं बघितलं नाही. मी निघाले तेव्हाही बघितलं नाही.

पुण्यात दुसरा मार्गदर्शक शोधत फिरले. बहुतेकांनी दारातूनच सांगितलं, “प्रकरण निवळू दे, मग बघू.” शिष्यवृत्ती थांबली. वर्ष गेलं. शेवटी रसायनशास्त्राच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी घेतलं. तेही उपकार केल्यासारखं. “मला भानगडी नकोत,” म्हणाले. मी म्हणाले, “मला स्वयंपाकघर हवं.” सगळा अभ्यास पहिल्यापासून केला. मीच शिजवलं, मीच मोजलं, मीच भरवलं, मीच बरण्या धुतल्या. पोरांच्या आयांना आधी माझी जात सांगितली. काही उठून गेल्या. काही थांबल्या. थांबलेल्यांच्या पोरांवर प्रबंध झाला.

मॅडमचा निबंध माझ्या प्रबंधाआधी छापून आला. बाजरी, मटकी, शेंगदाण्याच्या पिठाचा. खाली त्यांचं नाव, शैलाचं नाव. माझं कुठंच नव्हतं. मी धुतलेल्या बरण्यांतून निघालेले आकडे मात्र सगळे होते. फक्त मंगलचे नव्हते. ते बाद होते.

पारूबाई मला पुन्हा भेटली नाही. तिच्यावर माझा राग आहे. लोक म्हणतात, ती बिचारी अडाणी, तिला काय कळतं. मला हे पटत नाही. तिला कळत होतं. म्हणूनच तिनं दाराकडं बघितलं. तिला माफ करायचं म्हणजे परत तेच, समजून घ्यायचं. मी पुरेसं समजून घेतलं आहे. पण तिचं पोर माझ्या दारात परत आलं असतं, तर मी परत चमचा घेतला असता. यात मोठेपणा नाही. ते माझं काम आहे, आणि ते काम माझ्या हातातून काढून घ्यायचा हक्क मी कोणाला देणार नाही. तिलाही नाही.

आता मी नोकरीला कुठंही रुजू झाले की आधी साहेबांच्या खोलीत जात नाही. स्वयंपाकघरात जाते. माझं नाव सांगते, आडनाव सांगते, जात सांगते. विचारायची वाट बघत नाही. मग हात धुते आणि पिठात घालते. कोणी कुजबुजतं, कोणी बदली मागतं, कोणी देवाचं नाव घेऊन पाणी शिंपडतं. शिंपडावं. ज्याला पानावरून उठायचंय त्यानं उठावं.

मी उठणार नाही.